फुलोऱ्यानंतरचं वर्ष

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते मुलांना रानात नेत तेव्हा फुलाकडे सगळ्यात शेवटी वळत. आधी पान हातात देत, मग खोडावरून बोट फिरवायला लावत, मग आजूबाजूची माती पाहायला सांगत. ऐन उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना जो झाड ओळखतो त्यालाच ते झाड कळलं, असं त्यांचं मत होतं. आजचा विषय निवडताना ते मत माझ्या मनात होतं. मी कारवी या झुडपाबद्दल बोलणार आहे. ती फुलते तेव्हा तिच्यावर पुष्कळ लिहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मला जे सांगायचं आहे ते फुलोरा ओसरल्यानंतरच्या वर्षाबद्दल आहे. कारवी राहणार की जाणार, हे त्या एका वर्षात ठरतं.

प्रथम तिचं घर पाहू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि आजचा दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्या थरांची झीज होत होत सह्याद्रीला पायऱ्या आल्या. कडा, त्याखाली उतार, उताराखाली माची, मग पुन्हा कडा. उभ्या कड्यावर माती ठरत नाही, माचीवर माणूस नांगर घालतो. या दोहोंमधला जो तिरका उतार उरतो तो कारवीचा. तिथे माती असते वीतभर, तीही दगडगोट्यांत अडकलेली. घाटमाथ्यावर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढं पाणी एवढ्या उतारावरून धावत असताना वीतभर माती जागेवर राहते, यामागे कारवीच्या मुळांचा मोठा वाटा आहे.

वर हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ यांची सावली, खाली कारवी. कुठे सावली विरळ झाली तर कारवीच सगळा उतार व्यापून टाकते. बोरिवली आणि येऊरच्या डोंगरांपासून तुंगारेश्वर, माळशेज, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, खंडाळा, मुळशी, महाबळेश्वर, कोयना, अशी तिची वस्ती सह्याद्रीच्या कण्याबरोबर दक्षिणेकडे जाते. दाट कारवीत शिरलेल्या माणसाला चार हातांवरचं दिसत नाही. ट्रेकला जाणारी मुलं इथे बसली असतील. घसाऱ्यावर ज्या काठ्यांना धरून आपण वर चढतो, त्या बहुतेक वेळा कारवीच्या असतात. आपला भार पेलणाऱ्या त्या काठीकडे एकदा थांबून बघा, एवढीच त्यांना विनंती.

बघायचं म्हणजे काय बघायचं? झुडूप दीड-दोन पुरुष उंच जातं. खोड सरळ, बोटाएवढं किंवा मनगटाहून थोडं बारीक. पेरं फुगीर. सालीवर बारीक बारीक खडबडीत पुटकुळ्या असतात, डोळे मिटून हात फिरवला तरी कारवी ओळखता येते ती यांच्यामुळे. पानं समोरासमोर, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, कडा दातेरी. पान उलट्या बाजूने उजेडात धरलं की मधल्या शिरेपासून निघालेल्या समांतर शिरांच्या जोड्या स्पष्ट मोजता येतात. हाताला पान खरखरीत लागतं. पहिल्या पावसानंतर ही पानं अशी काही भराभर येतात की, कालपर्यंत करडा दिसणारा उतार पाहता पाहता हिरवा होऊन जातो. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये उरतात नुसत्या काठ्या. अनोळखी माणूस म्हणतो, सगळं वाळून गेलं. काठीवर नखाने जरा खरवडलं की आत हिरवं दिसतं.

असं वर्षामागून वर्ष चालतं. रुजणं, वाढणं, पानं गाळणं, पुन्हा पालवणं. फूल नाही. फुलझाडांचं पारंपरिक वर्गीकरण बहुतांशी फुलावर उभं आहे, त्यामुळे अशा झुडपाचा अभ्यास करणाऱ्याची परीक्षाच होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस यांनी १८३२ मध्ये कारवीला शास्त्रीय नाव दिलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा आपला मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, त्यातही ती आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले फादर सांतापाव खंडाळ्याच्या रानात वर्षानुवर्षं हिंडले. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ चा. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. कारवीसारखी झाडं कोणत्या साली, कोणत्या डोंगरावर फुलली याची नोंद ठेवावी लागते आणि ती एका माणसाच्या हौसेवर पुरी होत नाही, पिढ्या लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता कालगणनेकडे येतो. इथेच माझा मुख्य मुद्दा आहे.

कारवी सात वर्षांनी फुलते असं आपण लहानपणापासून ऐकतो. मुंबईत मात्र आठ वर्षं म्हणतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. अंतर आठ. मग सात खरं की आठ? मुंबईच्या डोंगरांपुरतं बोलायचं तर दोन्ही खरं. २०१६ च्या फुलोऱ्याचं बी त्या साली जमिनीवर पडलंच नाही. ते झाडावरच राहिलं, वाळलं आणि २०१७ च्या पावसात पडून रुजलं. तिथून सात वर्षं मोजा, २०२४ येतं. म्हणजे रोपाचं वय सात आणि फुलोऱ्यापासून फुलोऱ्यापर्यंतचं अंतर आठ. मधलं जे एक वर्ष हिशोबातून निसटतं ते बियाचं वर्ष. एकदाच फुलून झुडूप मेलेलं, बी अजून न पडलेलं. मोजताना ते निसटतं, आणि राखणीतही तेच निसटतं. सगळ्या डोंगरांचं वेळापत्रक एक नसतं. मुंबईची कारवी हिरवी असते तेव्हा माळशेजची फुललेली असू शकते. एकाच डोंगरावर एखाद-दुसरं झुडूप वर्षभर आधी किंवा मागाहूनही फुलतं. पण एका उतारावरची बहुतेक कारवी एका वेळी रुजलेली, एका वेळी फुलणारी आणि एका वेळी मरणारी असते.

फुलोऱ्याचं वर्ष आलं की ऑगस्टमध्ये फांद्यांच्या टोकांना कणसांसारखे तुरे धरतात. तुऱ्यावर एकावर एक बसलेली गोलसर हिरवी छदं असतात, त्यांवर लव असते आणि ती बोटांना चिकटते. त्या चिकट्याला उग्र वास येतो. रान तुडवून घरी आलं की तो कपड्यांना राहतो, धुतले तरी चटकन जात नाही. प्रत्येक छदाच्या आडून एक कळी निघते, आधी पांढुरकी-गुलाबी, आणि उमलल्यावर निळ्या-जांभळ्या रंगाची नळी, तोंडाशी पाच पाकळ्यांत फाकलेली. एक तुरा एकदम फुलत नाही, काही फुलं आज, काही उद्या. त्यामुळे सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरातही उतार जांभळा राहतो. धुकं विरळ होतं तसा तो रंग दरीच्या तळापासून वर चढत येताना दिसतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. रस्त्यावरून, वाट न सोडता, फूल न तोडता.

त्या काळात कारवीच्या रानात उभं राहिलं तर कानावर आधी येतो तो माश्यांचा आवाज. कड्याला पोळी लावणारी आग्या माशी, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, सगळ्यांची धांदल. महाबळेश्वरच्या भागात मधाचा हिशोब झाडांवरून होतो: जांभळाचा, गेळ्याचा, हिरड्याचा, आणि वर्ष आलं तर कारवीचा आणि तिच्याच कुळातल्या व्हायटीचा. कारवीचा मध गडद असतो, दाट असतो, आणि त्याची वाट पाहिली जाते. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. ज्या घरांचा संसार मधपेट्यांवर चालतो त्यांना उतारावरच्या कारवीचं वय पाठ असतं. शहरातून दुर्बीण घेऊन जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून ते शिकावं.

ऑक्टोबर संपतो. फुलं झडतात, बातम्या थांबतात, गर्दी उतरते. इथून पुढचं कुणी बघत नाही.

झुडूप मरायला लागतं. नेहमीच्या वर्षी पानं गळली तरी काठीत जीव असतो. या वर्षी नसतो. नखाने खरवडलं तर आत तपकिरी, कोरडं. तुरे मात्र तसेच उभे राहतात, छदं वाळून तांबूस होतात, आणि त्यांच्या आड लहान लहान बोंडं पक्की होत जातात. सबंध हिवाळा, सबंध उन्हाळा ती तिथेच. मग जूनचा पहिला पाऊस येतो. कोरड्या बोंडाला ओल लागते आणि ते तडकतं, बी दूर उडतं. एक बोंड तडकलं तर ऐकूही येत नाही, पण सबंध उतार तडकू लागतो तेव्हा लाह्या फुटाव्यात तसा आवाज दरीभर चालू राहतो. पावसाच्या सरी आणि तो तडतडाट, एवढंच ऐकू येतं. बी ओल्या मातीत पडतं आणि महिन्याभरात मेलेल्या काठ्यांच्या तळाशी दोन-दोन पानांची रोपं दाटीने उगवून येतात. काठ्यांची पानं गेलेली असल्यामुळे उजेड जमिनीपर्यंत पोहोचतो. जांभूळ-हिरड्याच्या ज्या रोपांना एरवी कारवीच्या सावलीत डोकं वर काढता येत नाही, त्यांनाही तेवढ्या काळात वाव मिळतो. जंगलाची उलथापालथ होते ती याच वर्षी.

सगळ्यांनी एकदम फुलून एकदम मरावं, यात फायदा काय? डॅनियल जॅन्झन या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये बांबूंच्या बाबतीत याचं उत्तर मांडलं. दरवर्षी थोडं थोडं बी आलं तर उंदीर, पाखरं, किडे ते दरवर्षी फस्त करतील. अनेक वर्षं काहीच न देता एकदम अमाप बी दिलं, तर खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि उरलेलं रुजतं. मिझोराममध्ये बांबू फुलल्यावर उंदरांची संख्या वाढून पिकांचा नाश होतो. १९५८-५९ आणि २००६-०७ अशी त्याची दोन वर्षं नोंदलेली आहेत. कारवीमुळे आपल्याकडे असं संकट येत नाही, पण युक्ती त्याच जातीची दिसते. तिच्यातली जोखीमही तीच. सात वर्षांची सगळी कमाई एका हंगामात उघड्यावर मांडलेली असते. त्या एका हंगामात काही बिघडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायला झुडूपच शिल्लक नसतं.

आणि नेमक्या त्याच हंगामात आपण वणवे लावतो. बी झाडावर असतं ते डिसेंबरपासून जूनपर्यंत. वणव्यांचा काळ फेब्रुवारी ते मे. नेहमीच्या वर्षी आग लागली आणि बुंधा जिवंत राहिला, तर कारवीला पुन्हा फुटायची संधी असते. बियाच्या वर्षी बुंधा मेलेलाच असतो आणि पुढची पिढी त्या वाळक्या काठीच्या टोकाला असते. काठीही त्या वर्षी खडखडीत वाळलेली, उतारभर दाट उभी. जळायला याहून सोपं काय? पहिला उन्हाळा पाहणारी वीतभर रोपंही आगीपुढे टिकत नाहीत. म्हणजे लागोपाठची दोन वर्षं जपावी लागतात: बियाचं एक आणि रोपांचं एक. गवत चांगलं यावं म्हणून, शिकारीसाठी, वाट मोकळी व्हावी म्हणून, किंवा मुक्कामाची शेकोटी न विझवता निघून गेल्यामुळे आग लागते. आग लावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं की आपण सात वर्षांचं बी जाळतो आहोत. हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, आणि तो दोष आपल्यासारख्या माहीत असणाऱ्यांचा आहे.

दुसरा धोका आगीइतका दिसत नाही. रस्ता रुंद करायचा, डोंगर कापून घरं बांधायची, रिसॉर्टसाठी उतार सपाट करायचा, म्हणजे आधी जागेची पाहणी होते. पाहणीत झाडं मोजली जातात. कारवी झाड नव्हे, ती मोजली जात नाही. पाहणी उन्हाळ्यात झाली तर तिथे काठ्याच दिसतात, आणि त्या कागदावर पडीक जमीन म्हणून उतरतात. उतार कापल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत दरड खाली येते, तेव्हा मात्र माती कशाने धरून ठेवली होती याची चर्चा होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कारवी तोडणाऱ्या आदिवासी माणसाला दोष देण्याची शहरी सवय मला मान्य नाही. वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या घरांच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या कारवीच्या कुडाच्या आहेत. काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या काठ्या लावून वेलीने आवळायच्या, आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीने लिंपायच्या. भिंत हलकी होते, उन्हाळ्यात गार राहते, बिघडली तर घरच्या घरी दुरुस्त होते. वारली चित्रकला जगभर गेली ती याच भिंतीवरून. लिंपलेल्या भिंतीला गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठीने चितारायचं. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या चित्रांबद्दल सगळ्यांनी लिहिलं. चित्राखालच्या काठीबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. मांडवाला, वेलवर्गीय भाज्यांच्या आधाराला, कुंपणालाही कारवीच लागते. बी पडून गेल्यावर मेलेली काठी नेली तर झुडपाचं काहीच जात नाही. ज्याला पुढच्या कुडासाठी काठी हवी आहे त्याच्याइतकी कारवीची गरज आणखी कुणाला आहे? राखणीच्या कामात तो पहिला सोबती आहे. नियम करायचाच असेल तर एवढा पुरे: फुलोऱ्यानंतर पहिला पाऊस होऊन बी पडेपर्यंत त्या उतारावर कोयता नाही आणि आग नाही, त्यानंतर वाळलेल्या काठ्या ज्याच्या त्याने न्याव्यात.

कास पठाराचा उल्लेख इथे अपेक्षित असेल. तिथली टोपली कारवी ही कारवीची बहीण. ती उघड्या सड्यावर, वाऱ्याच्या माऱ्यात बसकी, टोपलीच्या आकाराची वाढते आणि तीही काही वर्षांनी एकदम फुलते. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. माझ्या मते आज उतारावरच्या साध्या कारवीला जास्त लक्षाची गरज आहे, कारण राखीव जंगलांबाहेरच्या उतारांवर तिला असं कोणतंच छत्र नाही. केरळात नीलकुरिंजी दर १२ वर्षांनी फुलते. २००६ च्या फुलोऱ्याच्या वेळी तिथल्या सरकारने इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. एका झुडपाच्या नावाने अभयारण्य! त्यानंतरही तिथे जमिनीच्या हक्कांवरून वाद झाले, हे खरं. तरी एका राज्याने झुडपाला नाव घेऊन जागा दिली, याचं मला मोल वाटतं. आपल्याकडे अभयारण्याइतकं मोठं काही लगेच होईल असं मी म्हणत नाही. गावागणिक एकेक उतार राखला तरी पुष्कळ.

त्यासाठी साधन हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात असते. ती बाहेर काढायला लावा. तिच्यात कारवीसाठी एक पान करा. उताराचं गावातलं नाव लिहा, सर्व्हे नंबर लिहा. शेवटचा फुलोरा कोणत्या साली झाला ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मध काढणाऱ्यांना विचारा; साल आठवत नसेल तर कोणाचं लग्न, कोणती निवडणूक, कोणता पूर त्या वर्षी होता ते विचारा, साल सापडतं. त्यावरून पुढचा फुलोरा कधी आणि त्याच्या पुढचं बियाचं वर्ष कोणतं, ते काढून ठळक लिहा. त्या वर्षीच्या जानेवारीत वनरक्षकाला आणि ग्रामसभेला ते वाचून दाखवा, आणि उताराच्या कडेने जाळरेषा काढून घ्या. मुंबईकरांना हे आजच करता येईल. तिथला पुढचा फुलोरा २०३२ मध्ये अपेक्षित आहे, म्हणजे जपायचा उन्हाळा २०३३ चा आणि त्यानंतर रोपांचा २०३४ चा. व्याख्यानानंतर नेण्यासाठी नोंदीचे कोरे तक्ते बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. घेऊन जा, भरून परत पाठवा. आणि भरताना ‘पावसाळ्यात फुलली’ असं मोघम लिहू नका. पहिलं फूल दिसलं ती तारीख लिहा, आणि पुढच्या जूनमध्ये पहिलं बोंड तडकलं तीही.